हाक गेलेलं घर

आमच्या गावात माणूस गेला की घरटी एक लाकूड यायचं. फार मोठं नाही. मनगटाएवढं जाड आणि कमरेएवढं लांब असलं तरी चालायचं. पण ते त्या घरचं असायला हवं, आणि घरातल्याच कुणीतरी स्वतः आणून मयताच्या अंगणात ठेवायला हवं. लहानपणी मीही असं लाकूड नेऊन टाकलेलं आहे, नाक पुसत, कोण गेलंय हे धड माहीत नसताना. सगळ्या घरांची लाकडं जमली की बैलगाडीत भरून नदीवर न्यायची आणि त्यांचंच सरण रचायचं. विकतच्या लाकडावर जळायची वेळ येणं म्हणजे गावाने टाकून दिलं, असं माझ्या बाबांचं सरळ मत होतं, आणि त्यांची मतं बदलायच्या भानगडीत आमच्या घरात कुणी पडत नसे.

माझी आई विकतच्या लाकडावर जळली. बदलापूरला, भाड्याच्या खोलीतून नेऊन. त्या दिवशी बाबा स्मशानातल्या कट्ट्यावर बसून होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "आम्हाला गाव आहे. आम्ही गाववाले आहोत." कुणी विचारलंही नव्हतं. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

गाव होतंच. बदलापूरपासून सहा आसनी रिक्षाने अर्ध्या तासावर, उल्हास नदीच्या काठाला. फक्त त्यात राहायला कुणी उरलं नव्हतं.

कोर्टाच्या कागदात जे घडलं त्याला दंगल म्हणतात. आम्ही लढाई म्हणतो. नदीकडच्या जमिनीवर इमारती उभ्या करायला लोक आले, वरच्या आळीने अंगठे दिले, खालच्या आळीने दिले नाहीत, एके सकाळी मोजणीचे खुंटे उपटलेले दिसले, आणि पुढे तीन दिवस एकाच पंगतीत जेवलेली माणसं एकमेकांच्या अंगावर कोयते घेऊन धावली. दोन जीव गेले, प्रत्येक आळीचा एक. तिसऱ्या दिवशी पेंढ्याच्या उडव्या पेटल्या आणि मग घरं. त्यानंतर पोलिसांनी शाळेत मुक्काम ठोकला, आणि ज्याला जिथे आसरा मिळाला तिथे तो गेला. कुणी अंबरनाथला बुवापाड्यात, कुणी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायला, आम्ही बदलापूरला. मोठा पूर आला त्या वर्षी नदी गावात शिरली आणि दोन दिवस राहून गेली. ते बघायलाही तिथे कुणी नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मला तेच डोळ्यांसमोर यायचं, रिकाम्या घरांतून हिंडणारं पाणी.

माणसं परत आली ती हळूहळू. आधी पुरुष दिवसा येऊन भात लावायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे, जणू दुसऱ्याच्या शेतात चोरून काम करतायत. मग एका उन्हाळ्यात विहीर उपसायचं ठरलं. लढाईत तिच्यात काय काय टाकलं असेल या भीतीने तिचं पाणी कुणी तोंडाला लावत नव्हतं. वरची आळी एका काठाला, खालची समोरच्या काठाला, आणि चार दिवस दोन्हीकडून घमेली वर येत राहिली. बोललं कुणीच नाही. गाळात निघाल्या त्या दोन कळशा, एक चप्पल आणि पुष्कळ दगड. दगड कुणाचे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते उचलून देवळामागे टाकले आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी दोन्ही आळ्यांसाठी एकाच पातेल्यात चहा केला. इतका गोड चहा मी पुन्हा प्यायले नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी देवळात गावकी बसली. जुन्या चालीरीती पुन्हा सुरू करायच्या, पण एकेक अट घालून, असं ठरलं. मयताची अट अशी: ज्या घरात पुन्हा चूल पेटली आहे त्याच घराला मयताची हाक द्यायची. पण एकदा हाक गेली की त्या घराचं लाकूड आलंच पाहिजे, मग ते घर कुठल्याही आळीचं असो. ते येईपर्यंत तिरडी उचलायची नाही. आणि लाकूड आलंच नाही, तर त्या घराची आणि मयताच्या घराची लढाई अजून चालू आहे असं धरायचं. सगळे माना डोलवून घरी गेले. तोवर परतलेल्यांपैकी कुणी मेलं नव्हतं, त्यामुळे अट सोपी वाटली.

पहिले गेले ते माझे बाबा.

त्याआधी काकीबद्दल सांगायला हवं. आमचं घर वरच्या आळीचं शेवटचं आणि काकीचं खालच्या आळीचं पहिलं. मधे जेमतेम बैलगाडी जाईल एवढा रस्ता. नात्याने ती आमची कुणी नव्हती, पण दोन्ही घरांची सावड होती. म्हणजे आज आमच्या शेतात लावणी तर ते सगळे आमच्याकडे, उद्या त्यांच्या शेतात तर आम्ही सगळे तिकडे. बैलसुद्धा एक त्यांचा, एक आमचा. काका आणि बाबा एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत, कारण नांगरामागे जन्म घालवलेल्या माणसांना बोलायची गरज पडत नाही. काकी मात्र दोघांच्या वाटचं बोलायची. मला पहिल्यांदा साडी तिने नेसवली आणि "बांबूला गुंडाळली" म्हणून गावभर सांगितलं.

लढाईच्या तिसऱ्या दिवशी काकीचं घर जळलं. काका-काकी आणि त्यांचा मुलगा मागच्या केळीतून पळाले आणि बुवापाड्यात जाऊन राहिले. काका दोन वर्षांत तिथेच गेले. गाव परतलं तेव्हा खालच्या आळीची बाकीची जळलेली घरं कुणी पत्रे टाकून, कुणी ताडपत्री टाकून उभी केली. काकीचं तसंच राहिलं. एक भिंत, दाराची चौकट, आत कोसळलेली कौलं आणि वासे, आणि त्यांतून वर आलेलं पुरुषभर रान. आमच्या ओट्यावर बसलं की समोर तेच दिसायचं. बाबांनी ओट्यावर बसणं सोडून दिलं. विहिरीवर जायचं तरी ते मागच्या दाराने निघून अर्ध्या गावाला वळसा घालून जायचे. मला वाटायचं, मित्राचं घर बघवत नसेल. माणूस आपल्या बापाबद्दल चांगलंच धरून चालतो.

त्यांचं दुखणं वाढलं तेव्हा मी कंपनीतून सुट्टी टाकून गावी आले. माझं लग्न बदलापुरातच झालेलं, नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला. घरात धाकटा भाऊ आणि ते, दोघेच. भर दुपारी, माशीसुद्धा हलत नसताना, बाबा एकदम मान वळवून म्हणायचे, "ऐकतेस ना? वासे फुटतान." मी म्हणायचे, काही नाही, झोपा. पण ते ज्या भिंतीकडे बघत त्या भिंतीपलीकडे काकीचं घर होतं, आणि दोनचार दिवसांनी मलाही ऐकू यायला लागलं. लाकूड तडकल्याचा आवाज. उन्हाने कौल तडकलं असेल, खारीने काही पाडलं असेल. मी स्वतःला असं समजवायचे आणि रेडिओ मोठा करायचे.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. भाऊ शेतावर होता.

"काकीच्या घराला काडी मी लावली, बाय."

मी म्हटलं, "काहीतरी बरळू नका."

"आपल्याच कंदिलाचा रॉकेल. मीच." मग म्हणाले, "आता सगल्या गावाचा लाकूड येल मना. एक सोरून."

मी उठून मोरीत गेले आणि तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. आमच्या घरात परतल्यापासून रॉकेल आणलेलं नव्हतं, बाबा आणूच देत नव्हते. वास सहन होत नाही म्हणायचे. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. चहा भावाच्या हाती पाठवला, अंग भावानेच पुसलं. मरायला टेकलेल्या बापाशी मी सहा दिवस अबोला धरला, हे मी इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगायची माझी हिंमत नाही. सातव्या दिवशी पहाटे ते गेले. भात कापायला आलं होतं आणि सकाळपासूनच ऊन चटके देत होतं.

गावात हाक द्यायचं काम एका म्हाताऱ्याकडे होतं, पिढ्यान्पिढ्या त्यांच्याच घराकडे. हाक द्यायची रीत ठरलेली. काठीने उंबऱ्यावर दोनदा ठोकायचं, घरच्या कर्त्याचं नाव घ्यायचं, मग गेलेल्याचं नाव सांगायचं, आतून "हां" आली की पुढच्या घरी. म्हातारा वरच्या आळीने सुरुवात करून खालच्या आळीतून फिरून तासाभरात आला आणि आमच्या अंगणात उकिडवा बसला. लाकडं यायला लागली होती. आंब्याचं, ऐनाचं, कुणाचं मोडलेल्या नांगराचं. खालच्या आळीतून पहिलं लाकूड आलं तेव्हा आमच्या अंगणात सगळे गप्प झाले. आणणाऱ्या बाईने ते ठेवलं, पदर सारखा केला आणि बायकांत येऊन बसली. मला रडू फुटलं ते तेव्हा, बाबांसाठी नव्हे.

मग गावकीतल्या एकाने म्हाताऱ्याला विचारलं, सगळ्या घरांना हाक गेली ना. म्हाताऱ्याने बोटावर एकेक घर म्हणून दाखवायला सुरुवात केली. वरची आळी संपवून खालच्या आळीत शिरताना त्याने पहिलंच नाव काकांचं घेतलं.

"त्या घराला कशाला दिलीस?" कुणीतरी ओरडलंच. "तिथं आहे कोण?"

म्हातारा गोंधळला. आयुष्यभर तो त्याच क्रमाने फिरला होता. आमच्या दारातून निघालं की पुढचा उंबरा काकीचा. पाय थांबले, काठी आपटली, नाव तोंडातून गेलं.

"सवयीनं दिली," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "पन आतून हां आली. म्हनून मी फुरं गेलो."

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले आणि बायकांनी बघणं टाळलं. मी उठून समोर गेले. चौकटीतून आत डोकावले. रान, कौलांचे तुकडे, काळे वासे, एक सरडा. बोलेल असं काही नव्हतं. म्हातारा खोटं बोलणारा नव्हता आणि बहिराही नव्हता. ते काय होतं हे मला आजही माहीत नाही, आणि दुपारच्या वेळी त्या बाजूला तोंड करून मी आजही बसत नाही.

मग अंगणात वाद सुरू झाला, प्रेत आत ठेवून. हाक परत घेता येते का? नाही येत. उच्चारलेली हाक परत कशी घेणार. मग ते घर धरायचं की नाही? चूल पेटलेली नाही. पण हाक तर गेलीय. वरच्या आळीतला एकजण म्हणाला, तिच्या परसातली एक फांदी तोडून आणा आणि ठेवा, मिटलं. खालच्या आळीतला एकजण ताडकन उठला. आज तुम्ही तिच्या नावाने फांदी तोडाल, उद्या आमच्या नावाने तोडाल, मग आम्ही परत आलोच कशाला? आवाज चढले. मी तो चढलेला आवाज ओळखत होते. लढाईच्या पहिल्या सकाळी खुंट्यांवरून सुरू झालं तेव्हा तो अस्साच होता.

"घरातल्याच माणसाने आणायचं असतं ना?" मी म्हटलं. "मग मी जाऊन घेऊन येते घरातलं माणूस. तोवर सगळ्यांनी तोंडं मिटून बसा."

बापाचं प्रेत घरात असताना मुलीने असं बोलणं शोभतं का, असं एका आजीबाईने विचारलं. शोभत नाही, मी म्हटलं, आणि निघाले. भावाला बापाजवळ बसणं भाग होतं. उन्हं उतरायच्या आत मला परतायचं होतं.

सहा आसनीने बदलापूर, तिथून शेअर रिक्षाने अंबरनाथ. रिक्षात एक बाई मला सरकून बसायला सांगत होती आणि मला ते ऐकू येऊनही कळत नव्हतं. काय बोलायचं याची मी जुळवाजुळव करत होते. तुझ्या घराला चुकून हाक गेली, तेव्हा ज्याने तुझं घर जाळलं त्याला जाळायला लाकूड दे. यातलं नेमकं कुठलं वाक्य आधी बोलायचं? आणि काडी कुणी लावली हे तिला माहीतच नसेल तर? न सांगता तिच्याकडून लाकूड घ्यायचं? त्या एका लाकडावाचून बाबांची तिरडी अडली होती, खरं आहे. पण फसवून आणलेलं लाकूड त्यांना पुरलं असतं का?

बुवापाड्यात काकीची खोली बैठ्या चाळीत, नळाच्या कडेला. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. चार वर्षांत दहा वर्षांनी म्हातारी झालेली. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही. माझ्या विस्कटलेल्या केसांवरून तिला कळलं असावं.

"बापुस?"

मी मान हलवली. ती आत गेली, तांब्याभर पाणी आणलं आणि उंबऱ्याच्या बाहेरच माझ्या हातात दिलं. सुतक होतं म्हणून आत बोलावलं नाही की दुसऱ्या कशासाठी, ते मला कळलं नाही. मी उभ्यानेच प्यायले.

तिचा मुलगा आत होता. कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसतो, त्या दिवशी लाइट नव्हती म्हणून घरी. लढाईच्या वेळी तो शाळेत जात होता. आता दाढी आलेली. "ताई, बोल. क्या हुआ?" तो म्हणाला.

मी हाकेचं सांगितलं. म्हाताऱ्याने चुकून दिली, आता तुमचं लाकूड येईपर्यंत तिरडी उचलत नाहीत, पुन्हा भांडणं पेटतील. तो हसला. "चार साल में कोणी विचारायला आलं नाही. पप्पा गेले तेव्हा आलं का कोणी? इथल्या विहारातली पोरं आली, त्यांनी खांदा दिला, त्यांनीच सगळं केलं. गावचं एक लाकूड आलं का? आता तुमचं अडलंय तर काय, हमको बुलाया! मम्मी नाही येणार. फायनल."

त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी काकीकडे बघत होते. ती तांदळातले खडे काढत होती, एकेक, आणि जमिनीवर ठेवत होती.

"हाकेला कोनाचा नाव घेतला?" तिने विचारलं.

"काकांचं."

तिचा हात थांबला. "नाव घेतला? मोठ्यानं?"

"हो. उंबऱ्यावर काठी आपटून."

तिने सूप बाजूला सारलं. मला वाटलं, आता ती उठेल. आणि त्याच क्षणी मला हेही वाटलं की ती अशी उठली, तर मी तिला फसवलं. मी तांब्या खाली ठेवला.

"काकी, तुमच्या घराला काडी बाबांनी लावली होती. मला सातआठ दिवसांपूर्वी कळलं. त्यांनी स्वतः सांगितलं."

नळावर बादल्या भरणाऱ्या बायकांचे आवाज येत होते. मुलगा दारात आला होता.

"मना ठावं हाय," काकी म्हणाली.

"काय?" मुलगा म्हणाला.

"तू माज्या काखंत तोंड खुपसून व्हतास. तुजा पप्पा फुरं गेला व्हता, मी केलीतून बघत व्हती. तो आला, हातात डबा. आदी गोठ्यात गेला नि गाय सोरली. आपली ती लाथाली गाय. तिच्या पाठीवर थाप मारल्याबिगार ती दावं सोरू देत नव्हती. हे बाहेरच्या मानसाला कसा ठावं? थाप मारली, गाय सोरली, वासरू सोरला. मंग घराकरं वलला."

"आणि तू पोलिसांना सांगितलं नाहीस?" मुलाचा आवाज फाटला. "पप्पांना तरी?"

"नाय. नाव घेतला असता तर गावात परत जावाची वाट माजीच बंद झाली असती. आनी तुज्या पप्पाला सांगून काय व्हनार? तो त्याच दिवशी मेला असता."

तो मला म्हणाला, "निकल. इथून निघ." मी निघाले नाही. तोच निघून गेला, चप्पल न घालता, नळावरच्या बायकांतून वाट काढत. आजपर्यंत तो माझ्याशी बोललेला नाही. मी त्याला दोष देत नाही.

काकीने तांदूळ डब्यात भरले. साडी बदलली. कुलूप लावलं, किल्ली शेजारणीकडे दिली आणि तिला म्हणाली, "गावाला चाललीय. मयत हाय घरचा." रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती, पण बदलापूर येईपर्यंत आमचा एकमेकींना धक्कासुद्धा लागला नाही. तिथे सहा आसनीत चढताना मी विचारलं, "काकी, लाकूड? इथून वखारीतून घ्यायचं का?"

"हाक माज्या घराला गेलीय," ती म्हणाली. "वखारीला नाय."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणातली माणसं उठून उभी राहिली. काकीने आमच्या घराकडे पाहिलंही नाही. सरळ समोरच्या चौकटीशी गेली, उंबऱ्यावरून पाय टाकताना वाकून हात लावला, आणि रानात शिरली. तिचा फक्त आंबाडा दिसत होता. कौलं बाजूला केल्याचे आवाज येत होते. कुणी मदतीला गेलं नाही, म्हणजे कुणाची हिंमत झाली नाही.

मग आतून तिने मला हाक मारली. मी गेले. तिने एक वासा निम्मा बाहेर ओढला होता, छपराचा, ऐनाचा. एक टोक चांगलं, दुसरं जळून काळं पडलेलं.

"धर तिकरून," ती म्हणाली, आणि चांगलं टोक तिने स्वतः धरलं.

मी काळं टोक धरलं. वासा जड होता. रस्ता ओलांडायला दहा पावलं लागतात, ती मला शेतभर वाटली. माझी मान खाली होती आणि तरी सगळ्या गावाचे डोळे मला दिसत होते. ते वाशाकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग आतल्या तिरडीकडे. काकी एक शब्द बोलली नव्हती. पण त्या दहा पावलांत गावाला कळलं. वरच्या आळीतले दोघेतिघे, जे घरं पेटली त्या दिवशी बाबांबरोबर होते, ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

वासा बाकीच्या लाकडांवर ठेवला. काकी आत गेली, बाबांच्या डोक्याशी बसली. मी मागेच होते. तिने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला, आजाऱ्याला चाचपून बघतात तसा, आणि अगदी हळू, माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"भावजी, अर्धाच जालला व्हतात. घ्या. आता पुरा जाला."

मग मोठ्याने रडली. आमच्याकडे मयताजवळ रडतात तशीच, नाव घेऊन, सावड आठवून, बैलाची जोडी आठवून. सगळ्या बायका तिच्यामागून रडल्या, दोन्ही आळ्यांच्या. मीही रडले. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. सहा दिवस मी ज्या माणसाशी बोलले नव्हते त्याच्याशी चार वर्षं न बोललेली बाई माझ्याआधी बोलली होती.

तिरडी उचलली. पुरुष तिला खालच्या आळीतून नदीकडे घेऊन निघाले, मागून लाकडांची गाडी. मयत दारावरून गेलं की आमच्याकडे घरची बाई उंबऱ्यावर पाणी ओतते. वस्तीच्या घराची ती रीत, ओसाड घराला कुणी ओतत नाही. आळीतल्या एकेका दारात बायका तांबे घेऊन उभ्या राहत होत्या.

काकी रस्ता ओलांडून आपल्या चौकटीत जाऊन उभी राहिली. वासे उपसून हात काळेच होते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, तांब्याभर पानी दे गो. माज्याकरं भांडा नाय."